हॅलोरनची उलटी वरात

माझ्या लेकीचं, फुसाएचं, लग्न झालं ते शोवा तिसावं साल, परदेशी गणतीनं एकोणीसशे पंचावन्न. त्याच साली आमच्या खोऱ्यातला जुना पूल पाडून नवा बांधला, शाळेला घंटा आली, आणखीही बरंच काही झालं म्हणतात. मला विचाराल तर त्या साली दोनच गोष्टी झाल्या. फुसाए खिंडीपलीकडे नांदायला गेली आणि तिचं सामान मी माझ्या हॅलोरन ट्रकातून नेलं. दुसऱ्या गोष्टीवर लोक अजून हसतात. पहिलीबद्दल कोणी विचारत नाही.

हॅलोरन म्हणजे काय हे आधी सांगितलं पाहिजे, कारण या बाजूला ते सांगणारा आता मीच उरलोय. अमेरिकेत ओहायो नावाचा प्रांत आहे. तिथे हॅलोरन नावाचे दोघे भाऊ घोडागाड्या बनवायचे आणि घोड्यांना कंटाळून ते ट्रक बनवायला लागले. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण योकोहामाच्या कचेरीत त्यांचा फोटो होता. मिशा दोघांच्या सारख्या, आणि दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे. युरोपातल्या पहिल्या लढाईत सैन्यानं त्यांचे ट्रक भराभरा घेतले. मग या भावांना न विचारता लढाई थांबली. ट्रक उरले. तेव्हा भावांनी नकाशा उघडला आणि समुद्रापलीकडे जो जो देश दिसला तिथे ट्रक धाडले. आमच्या वाट्याला योकोहामाची कचेरी आली. कचेरी म्हणजे एक टेबल, एक कुलूप आणि पिकरिंगसाहेब.

ट्रक यायचे ते खोक्यांतून. चाकं, इंजिन आणि लोखंडी सांगाडा, एवढंच. मागची पेटी आणि बसायची फळी इथल्या सुताराकडून करून घ्यायची. ती खोकी फोडायचं काम माझं. तायशो बाराव्या सालच्या, म्हणजे एकोणीसशे तेवीसच्या, मोठ्या भूकंपात कचेरी कोसळली, फोटोही गेला, पण रेल्वेही उखडली, आणि ज्याला त्याला ट्रक हवासा झाला. दोन-तीन वर्षं जिकडे बघावं तिकडे हॅलोरन. मग मोठमोठ्या अमेरिकन कंपन्यांनी इथेच कारखाने टाकले, पुढे त्यांच्याच देशात मंदी आली, आणि एक दिवस तार आली की भावांनी दार लावलं. पिकरिंगसाहेब तरीही रोज येऊन कुलूप उघडायचे, टेबल पुसायचे, संध्याकाळी कुलूप लावायचे. बोलायला कोणी नव्हतं म्हणून त्यांनी मला ट्रक चालवायला शिकवला. त्यांची भाषा मला येत नव्हती आणि माझी त्यांना, त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही. ते बोटीवर चढले त्या दिवशी आवारात शेवटचा एक ट्रक उभा होता. तो मी घेतला आणि गावी आणला.

पिकरिंगसाहेबांनी हातवारे करून शिकवलेली एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. हॅलोरनची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या फळीखाली असते. तिथून पेट्रोल आपल्या वजनानं उतरत इंजिनात जातं, त्याला ढकलणारं यंत्र नाही. त्यामुळे टाकी अर्धी असली आणि चढ उभा असला की नाक वर जातं, टाकी खाली राहते आणि इंजिन उपाशी मरतं. अशा वेळी काय करायचं? ट्रक वळवायचा, डोंगराकडे त्याची पाठ करायची आणि उलटा गिअर टाकून चढायचं. म्हणजे टाकी वर, इंजिन खाली, पेट्रोल आपोआप उतरतं. यात लाजण्यासारखं काही नाही. खेकडा आडवा चालतो, त्याला कोणी हसत नाही.

आता लग्न. सोयरीक जमवणारे माकिनोसान, आमच्या गावचे साकेवाले, म्हणजे तांदळाच्या दारूचे दुकानदार. भला माणूस, फक्त शुभ-अशुभाच्या बाबतीत त्यांचं डोकं पंचांगाबाहेर जायचं नाही. स्थळ खिंडीपलीकडच्या करवत गिरणीवाल्यांचं. मुलगा, ताकेओ, चांगला होता. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही, तेव्हाही नव्हती, शोधूनही सापडली नव्हती. माकिनोसान म्हणाले, सामानासाठी शहरातून भाड्याचा ट्रक सांगू, नवा कोरा, लग्नाचा लाल-पांढरा पडदा लावलेला. मी म्हटलं, सामान हॅलोरनमधून जाईल. माकिनोसानांनी चहाचा पेला खाली ठेवला. दुपारपर्यंत गावाला कळलं आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येकानं येऊन मला समजावून सांगितलं की हॅलोरनमध्ये कोंबड्या अंडी घालतात. हे खरं होतं. पण हल्ली घालत नव्हत्या.

माझं कारण मी कोणाला सांगितलं नाही. आमच्याकडे नवरीचा बाप वरातीबरोबर जात नाही. तो दारात उभा राहून वाकून निरोप देतो आणि अंगणातच राहतो. वरातीबरोबर जातो तो ड्रायव्हर. फुसाएची आई ती लहान असतानाच गेली. तेव्हापासून त्या घरात आम्ही दोघंच, आणि आता एकच उरणार होता. खिंडीपर्यंतचा रस्ता तरी मला हवा होता. बापाला मिळत नसेल तर ड्रायव्हर म्हणून.

फुसाएला मात्र कळलं असावं. ती म्हणाली, "बाबा, लोक हसतील." मी म्हटलं, हसू दे. ती म्हणाली, "मग फळीवर गादी घाला. किमोनोत अंड्याचं टरफल नको."

शेजारचा गेनपेई सुतार माझा बालमित्र. त्यानं मागची पेटी नवी करून देतो म्हटलं. बाहेर पाऊस होता म्हणून शेडमध्येच काम केलं. पेटी अप्रतिम झाली. देवदारूची, कोपरे पितळेचे. गेनपेई तीन वेळा तिच्याभोवती फिरला, मग त्यानं वर बघितलं. पेटी शेडच्या दारापेक्षा उंच झाली होती. पेटी कापायला तो तयार होईना, म्हणाला हात धजावत नाही. म्हणून दाराची चौकट कापली. चौकट कापल्यावर शेड एका बाजूला झुकली, तिला टेकू द्यावा लागला, आणि टेकू नेमका ट्रकसमोर आला. पलीकडच्या ओकुमाकाकू भिंतीवरून बघत होत्या. म्हणाल्या, "तोकुझो, मुलगी जाईपर्यंत घर तरी शिल्लक ठेव." टेकू हलवला, ट्रक बाहेर आला आणि शेड सावकाश, कोणाला न दुखवता, आडवी झाली.

त्यानंतर सरकार. रस्त्यावर ट्रक आणायचा तर शहरातल्या वाहन कचेरीतून परवाना हवा. खिडकीत एक चष्मेवाला तरुण बसला होता. त्यानं बनवणाऱ्या कंपनीचं नाव विचारलं. मी सांगितलं. पत्ता विचारला. मी म्हटलं, ओहायो. तो म्हणाला, हे कुठल्या जिल्ह्यात येतं? मी म्हटलं, अमेरिकेत, पण कंपनी बंद पडली, पंचवीसेक वर्षं होतील. त्यानं पेन खाली ठेवलं.

"आजोबा," तो म्हणाला, "बंद पडलेल्या कंपनीचा ट्रक चालू कसा?"

मी तेव्हा पंचावन्नचा होतो. त्या 'आजोबा'नंच माझं निम्मं अवसान गेलं आणि उत्तर सुचलं नाही. घरी येऊन गरम पाण्यात बसलो तेव्हा एकाहून एक उत्तरं सुचली, पण तिथे ऐकायला कोणी नव्हतं. कंपनीचं ना-हरकत पत्र आणा, असं त्याचं म्हणणं पडलं. मी म्हटलं, हरकत घ्यायला तिथे कोणी नाही. तो म्हणाला, मग ना-हरकत तरी कोण देणार? यात चूक काहीच नव्हती, हेच वाईट होतं.

अखेर आतून त्याचे वरिष्ठ आले. त्यांनी भूकंपानंतर टोकियोत हॅलोरन पाहिला होता म्हणे. ते खाली येऊन ट्रकभोवती फिरले, रेडिएटरवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले आणि मला एका दिवसाचा परवाना दिला. सूर्यास्ताच्या आत घरी. आणि एक अट. टाकी माणसाच्या बुडाखाली आहे, हे धोक्याचं आहे, म्हणून पेट्रोल अर्ध्या टाकीच्या वर भरायचं नाही.

आता इथे कोणी म्हणेल, भरायचं की काठोकाठ, खिंडीत कोण बघायला येतंय? गेनपेई हेच म्हणाला. पण ज्या माणसानं माझ्या रेडिएटरवर हात ठेवला त्याला फसवायचं मला जमलं नाही. आणि खरं सांगायचं तर सरकारी शिक्का दिसला की आमच्या खोऱ्यातला माणूस एकटा असतानाही ताठ बसतो. मी बांबूची काडी घालून टाकी मोजली आणि बरोबर अर्धी भरली. तेवढ्यावर खिंड सरळ चढेल असा माझा अंदाज होता. पूर्वी लाकडं घेऊन तो चढलाही होता. पण अंदाज केला तेव्हा सामान कमी होतं. मग माकिनोसान म्हणाले, गिरणीवाल्यांपुढे दोन कपाटं शोभत नाहीत. ओकुमाकाकूंनी आपलं तिसरं दिलं. कोणी शिवणयंत्र दिलं, कोणी रेशमी गाद्या. पेटी गेनपेईनं उंच केलेलीच होती, ती भरल्याशिवाय बरी दिसेना.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ती आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असते, पण तुम्हाला सांगायला हवी. नवरीच्या सामानाचा ट्रक कधीही, काही झालं तरी, मागे घ्यायचा नसतो. ट्रक मागे गेला तर नवरी माहेरी परत येते, म्हणजे संसार मोडून येते. वाटेत समोरून गाडी आली तर तिनं मागे सरायचं, मग ती कोणाचीही असो, आणि वरातवाल्यांनी त्या ड्रायव्हरला टॉवेल आणि साकेची लहान बाटली द्यायची. यासाठी माकिनोसानांनी बाटल्यांचं खोकं भरून घेतलं होतं.

निघायच्या सकाळी दारात शेकोटी पेटवली. नवरीची भाताची वाटी फोडायची असते, म्हणजे या घरात तिचं जेवण संपलं. ते काम माझ्याकडे. मी वाटी टाकली. ती फुटली नाही. अंगणभर गडगडत जाऊन कोंबड्यांपाशी थांबली. माकिनोसान म्हणाले, जोरात टाका. मी पुन्हा टाकली. गेनपेई शेवटी हातोडी घेऊन आला.

फुसाए माझ्या शेजारी बसली, तिच्या पलीकडे माकिनोसान. नवरीच्या विगचा वरचा तुरा छताला लागत होता, म्हणून ती जराशी वाकून बसली होती, आणि वाकल्यामुळे रडतेय असं वाटून गावातल्या बायका समाधानानं रडल्या. गेनपेई आणि तीन-चार गडी मागे, लाल-पांढरा पडदा बांधलेल्या सामानावर. हॅलोरन पहिल्याच हँडलला सुरू झाला. मी कोणाकडे बघितलं नाही, पण सगळे माझ्याकडे बघत होते हे मला माहीत होतं.

पायथ्यापर्यंत दोन गाड्या भेटल्या, दोन्ही मागे सरल्या, दोन बाटल्या गेल्या. मग शेवटचा चढ लागला, देवराईच्या वरचा. तिथे रस्ता भिंतीसारखा उभा आहे. हॅलोरननं नाक वर केलं, तीन कपाटांनी शेपूट खाली दाबली, इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मी ब्रेक दाबला. गडी उड्या मारून उतरले आणि चाकांखाली दगड लावले.

मला लगेच कळलं, आणि गेनपेईलाही. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही काही न समजल्याचं दाखवलं. मग सल्ले सुरू झाले. ढकलू या, असं एकजण म्हणाला. ढकललं, ट्रक हलला नाही, सांगणाऱ्याची कंबर मात्र धरली. सामान उतरवू म्हटलं तर माकिनोसान किंचाळायचे बाकी राहिले. सासर यायच्या आत सामानानं जमिनीला टेकायचं नसतं म्हणे. पेट्रोल आणू म्हटलं तर ते मिळायचं खिंडीपलीकडे, नवऱ्यामुलाच्याच गावात, आणि माझ्या खिशात अर्ध्या टाकीचा परवाना. शुभवेळ दुपारची. सूर्य वर येत होता.

शेवटी गेनपेईच म्हणाला, सगळ्यांना माहीत आहे काय करायचं ते. रस्त्याला तिथे एक रुंद जागा होती. वळवायचा आणि उलटा चढवायचा. माकिनोसान म्हणाले की उलटा गिअर तो उलटा गिअर. गेनपेई म्हणाला की मागे जाणं म्हणजे माहेराकडे जाणं. ट्रकचं बूड सासरकडे चाललं असेल तर ते पुढेच जाणं झालं, तोंड कुठे का असेना. माकिनोसान म्हणाले, तोंड माहेराकडे ठेवून सासरी गेलेली नवरी त्यांनी पाहिली नाही. गेनपेई म्हणाला, उलटा चढणारा ट्रक तरी कुठे पाहिलात? अशी चर्चा चालली होती. उलटा गिअर टाकला तर मुलगी परत येईल, असं सगळे एकमेकांना बजावत होते, आणि तो टाकणारा हात माझा होता.

"बाबा," फुसाए म्हणाली. तिनं मान वळवली नाही. विगमुळे तिला वळवताच येत नव्हती. "उलटाच न्या. तेवढंच घर दिसत राहील."

माकिनोसान म्हणाले, "अगं, आजच्या दिवशी असं बोलू नये."

"न बोलून चढणार आहे का तो?"

मी ट्रक उतारावरून त्या रुंद जागेत घेतला, पुढे-मागे करत वळवला. प्रत्येक वेळी मागे गेला की माकिनोसान डोळे मिटत. मग उलटा गिअर टाकला. हॅलोरन एखाद्या म्हाताऱ्या बैलासारखा शांतपणे, पाठमोरा, डोंगर चढायला लागला.

उलटा ट्रक चालवायचा तर बाहेर डोकं काढून मागे बघावं लागतं. कपाटांमुळे मला रस्ता अर्धाच दिसत होता. गेनपेई मागे चालत डावीकडे-उजवीकडे ओरडत होता. मी सासरकडे बघत होतो आणि फुसाए माहेराकडे. एका फळीवर, खांद्याला खांदा लावून, दोघांची तोंडं दोन दिशांना.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"दिसतंय. शेकोटी अजून धुमसतेय."

थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. ती म्हणाली, आता नुसतं छप्पर. मग म्हणाली, ओकुमाकाकूंचं वाळत घातलेलं काहीतरी पांढरं. मग झाडं आली. तिनं सांगितलं नाही, पण ती बोलायची थांबली त्यावरून मला कळलं.

आणि इथे वरून लाकडांचा ट्रक आला. त्याच्या ड्रायव्हरला आमची पाठ दिसली. त्याची समजूत झाली की आम्ही त्याच्यापुढे उतारानं चाललोय, आणि फारच सावकाश. त्यानं हॉर्न वाजवला. आम्ही मोठे होत गेलो. त्यानं पुन्हा वाजवला, डोकं बाहेर काढून म्हणाला, चला की पुढे. गेनपेई म्हणाला, पुढेच चाललोय. मग त्याला लाल-पांढरा पडदा दिसला, आमचं माहेराकडे वळलेलं तोंड ध्यानात आलं, आणि बिचाऱ्याचा चेहरा पडला. आपला ट्रक वरच्या वळणापर्यंत मागे नेऊन तो खाली उतरला, टोपी काढून माझ्यापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "नाही जमलं का? असू दे. पोर तरुण आहे. घरी नेताय ते बरं करताय." माकिनोसानांनी त्याच्या हातात दोन बाटल्या कोंबल्या आणि त्याला घालवलं. फुसाए हसत होती. विग छताला आपटत होता, तरी हसत होती. लग्नाच्या दिवसातलं तिचं तेवढंच हसणं मी पाहिलं, तेही डोळ्याच्या कोपऱ्यातून.

खिंडीत गिरणीवाले स्वागताला उभे होते. तिथल्या चहाच्या टपरीपुढे मी ट्रक सरळ केला आणि पलीकडचा उतार अगदी शिस्तीत उतरलो. दारात नवऱ्यामुलाचे काका सगळ्यांना मानपान देत होते. नवरीचा बाप येत नसतो हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे मी कोण हा प्रश्नच नव्हता. त्यांनी मला टॉवेल आणि साकेची बाटली दिली आणि ड्रायव्हर मंडळींसाठी मागच्या अंगणात पान मांडलंय म्हणाले. मी वाकून आभार मानले. लाल भात चांगला होता. आत गाणी चालू होती, मी हॅलोरनच्या पायरीवर बसून जेवलो. सूर्यास्ताच्या आत घरी पोचायचं होतं. निघताना फुसाए दिसली नाही. नवरीला त्या वेळी बाहेर यायचं नसतं.

येताना ट्रक रिकामा होता आणि खिंड सरळ चढला.

गावात महिनाभर हाच विषय. वर्षाच्या आत पोरगी परत येणार, यावर एकमत झालं. ओकुमाकाकूंनी मला तिची गादी उन्हात टाकून ठेवायला सांगितलं. माकिनोसान मात्र अस्वस्थ होते, जिथे तिथे सांगत की जबाबदारी त्यांची नाही. ते आले की मी म्हणायचो, कसले शकुन, आताच्या काळात? ते गेले की गादी उन्हात टाकायचो. एखादी गाडी खिंडीतून उतरताना ऐकली की हातातलं काम ठेवून वळणावर दिसेपर्यंत बघायचो. मुलीचा संसार मोडावा असं कुठल्या बापाला वाटेल? मला वाटत नव्हतं. मी फक्त बघत होतो.

तिची पत्रं यायची. आधी पोस्टमन वाचून दाखवायचा, पण तो घाईत असायचा आणि सगळ्या वाक्यांना एकच सूर लावायचा. म्हणून त्या हिवाळ्यात मी देवळातल्या वर्गाला जाऊन पोरांच्या मागे बसलो आणि अक्षरं शिकलो. पत्रात विशेष काही नसायचं. सगळं ठीक आहे. करवतीचा आवाज आता सवयीचा झालाय. सासूबाई चांगल्या आहेत. मी ते पुन्हा पुन्हा वाचायचो, नुसता वाचायचा सराव म्हणून.

पितरांच्या सणाला ती एकदा आली, ताकेओबरोबर. पाहुण्यासारखी गुडघे मोडून बसली. चहा मीच केला. भाताची वाटी तिच्यासाठी नवी आणली होती. संध्याकाळच्या बसनं गेली. गेनपेई म्हणाला, शकुन खोटा ठरला बघ, सुटलास. मी म्हटलं, हो, सुटलो.

फुसाए परत आली नाही. शोवा चौतिसाव्या सालच्या डिसेंबरात, बारा तारखेला, न्यूमोनियानं ती सासरीच वारली.